खरारा करायचा तर आधी हिशेब लिहा

आपल्या व्यापारी व कारागीर भावांना धंदा करता येतो, पण धंदा कागदावर लिहिता येत नाही. हे मी आधी स्वतःबद्दलच म्हणतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. नंदुरबारात कापडाच्या गादीवर तीस वर्षे गेली. उधारीची वही मी आजही उर्दूत लिहितो. ‘प्रकल्प अहवाल’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बँकेच्या काउंटरवर, आणि साहेबांना वाटले मी कागद घरी विसरून आलो. कागद नव्हताच. सगळा हिशेब डोक्यात होता.

हा विषय आता काढण्याचे कारण म्हणजे आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण. बाप नालबंद, आजा नालबंद. मुलगा बारावीपर्यंत शिकला, दोन वर्षे सुरतेला राहून आला. एके दिवशी दुपारी दुकानात आला आणि म्हणाला, “चाचा, एवढे जरा पाहून द्या.” हातात अठरा पानांचा छापील आराखडा होता. वर नाव होते ‘पाळीव प्राण्यांचे ग्रूमिंग सेंटर’. त्याला चार लाख रुपये कर्ज हवे होते. कर्जाला कमी पडले तर अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवायच्या, हेही ठरले होते. फक्त अम्मीला अजून सांगितले नव्हते.

मी ती अठरा पाने वाचली. त्यात वातानुकूलित गाळा होता, वरखाली होणारे टेबल होते, केस वाळवण्याचे यंत्र होते, ‘महानगरातील वाढती मागणी’ होती. नंदुरबार हा शब्द पहिल्या पानावरच्या पत्त्याशिवाय कुठेही नव्हता. कॉम्प्युटर सेंटरवाल्याने दुसऱ्या कुठल्या तरी शहरातला कुत्र्यांच्या पार्लरचा आराखडा घेऊन त्यात नाव बदलून दिले होते आणि त्याचे पैसे घेतले होते. मी त्याला विचारले, “बेटा, आपल्या गावात केस कापून घेण्यासाठी दर महिन्याला पैसे मोजतील अशा मालकांची कुत्री किती?” त्याला सांगता आले नाही. हे काम करावे की नाही असा दिनी प्रश्नही काही वाचकांच्या मनात येईल. तो आलिमांना विचारावा, मी कापडवाला आहे. पण हिशेबाचा प्रश्न त्याच्याही आधी येतो. पुण्या-मुंबईत जे चालते ते तिथल्या गिऱ्हाइकामुळे चालते, यंत्रामुळे नव्हे.

मग मी त्याला म्हणालो, “तुझ्या घरात जनावराची निगा राखण्याचा धंदा तीन पिढ्या आहे. तो सोडून दुसऱ्याचा का लिहितोस? तुझ्या जिल्ह्यात तर सारंगखेडा आहे.”

सारंगखेडा शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. एकमुखी दत्ताचे मंदिर आहे आणि दत्तजयंतीला तिथे जत्रा भरते. या जत्रेतला घोडेबाजार शेकडो वर्षांचा म्हणून ओळखला जातो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. मारवाडी, काठेवाडी, नुकरा असे जातिवंत जनावर साधारण पंधरा दिवस तिथे बांधलेले असते. अलीकडे चेतक फेस्टिव्हल नावाने तिथे पर्यटनही आले आहे. नाल ठोकणारे, चाबूक, लगाम, खोगीर विकणारे, गोंडे आणि मोरक्या करणारे कारागीर या बाजारात बसतात आणि त्यात आपले लोक बरेच असतात. मी स्वतः तिथे झुलींचे कापड विकत आलो आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो त्यात माझाही थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

मुलाला कल्पना पटली आणि लगेच दुसरे टोक गाठले. दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन आला. जत्रेत अडीच हजार घोडे, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे साडेबारा लाख. आपल्यातले बहुतेक धंदे याच गुणाकारात बुडतात. बाजारात माल किती आहे हे आपण मोजतो, आपले हात किती आहेत हे मोजत नाही. मी त्याला पेन्सिल दिली. काम करणारे तू आणि तुझा भाऊ, म्हणजे दोघे. दिवस चौदा, रोजचे तास दहा. एकूण २८० तास. घोडा धुवायचा, खरारा करायचा, आयाळ-शेपूट विंचरायची आणि अंग कोरडे करायचे, याला एका माणसाचा तास जातो. म्हणजे एक क्षणही न बसता २८० घोडे. त्यातही डिसेंबरात तापीकाठी सकाळी थंडी असते. अकराच्या आत घोड्याला पाणी लावता येत नाही आणि चारनंतर धुतला तर रात्री कुडकुडतो. दहा तासांचा दिवस धुण्यासाठी पाच तासांचाच उरतो, बाकीच्या वेळात नाल आणि खूर.

शिवाय व्यापाऱ्याबरोबर त्याचा मोतद्दार आलेला असतो. तो पहाटेपासून घोड्याच्या अंगावर हात फिरवत असतो. तो तुम्हाला ५०० रुपये कशाला देईल? पैसे देणारा निराळा. ज्याने आजच पहिला घोडा घेतला आणि ज्याला अजून लगाम धरता येत नाही, असा नवा शौकीन पैसे देतो. उद्या वरातीला घोडी न्यायची आहे असा घोडीवाला पैसे देतो. आणि नाल निघालेल्या घोड्याचा मालक, तो कोणीही असो, त्याला नालबंदाशिवाय गत्यंतर नाही. बाप-आजाचे कसब इथे कामाला येते. खरारा कोणीही करेल, नाल कोणीही ठोकणार नाही.

असे करत करत जत्रेचे आम्ही १५० घोडे धरले. सरासरी ५०० रुपये म्हणजे ७५ हजार. त्यातून जागा, पाण्याचा टँकर, वीज, साबण-तेल, दोघांचे जेवण असे ३० हजार वजा केले. हातात ४५ हजार. साडेबारा लाखांवरून ४५ हजारांवर आल्यावर मुलाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण बँकेचा हप्ता सुरू झाल्यावर उतरण्यापेक्षा माझ्या गादीवर बसून उतरलेला बरा.

आता खरा आराखडा सुरू होतो, आणि तो उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा आहे. जत्रा ही धंद्याची जाहिरात समजा. मी त्याला सांगितले, मोटारसायकल काढ आणि घोडे मोज. कागदावरचे नव्हेत, डोळ्यांनी पाहिलेले. तीन आठवडे तो नंदुरबार, शहादा, तळोदा, तिकडे दोंडाईचा, शिरपूर असा फिरला. वहीत ९४ घोड्यांची नोंद झाली. हा जिल्ह्याचा आकडा नव्हे, एका पोराने दाराशी जाऊन पाहिलेल्या घोड्यांचा आहे. मालक कोण, घोडा कशासाठी ठेवला आहे, शेवटची नाल केव्हा मारली, कोणी मारली, किती घेतले, एवढे प्रत्येकासमोर लिहिले. माझ्या मते त्या अठरा छापील पानांपेक्षा या वहीची किंमत जास्त आहे. कोणत्याही बँकेचा अधिकारी ही वही पाहून खुर्चीत सरळ बसेल.

घोड्याचे खूर आपल्या नखासारखे वाढते, महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, कानस मारून पुन्हा बसवावी लागते. सात आठवडे धरले तर एक घोडा वर्षात सात वेळा येतो. मुलाला साठ मालकांनी ‘ये’ म्हटले होते. आम्ही चाळीसच धरले, कारण ‘ये’ म्हणणारा आणि पैसे देणारा यांत फरक असतो हे मला कापडाच्या उधारीने शिकवले आहे. चाळीस घोडे, सात खेपा, म्हणजे २८० नालबंद्या. चार नालांचे ७०० रुपये धरले तर १ लाख ९६ हजार. प्रत्येक वेळी लोखंड आणि खिळ्यांचे २०० रुपये गेले, म्हणजे ५६ हजार. पेट्रोल महिन्याला ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. उरले १ लाख ४ हजार. लग्नसराईत घोडी धुणे, आयाळ गुंफणे, सजवणे अशी साठ कामे ५०० रुपयांनी धरली, ३० हजार. जत्रेचे ४५ हजार. एकूण १ लाख ७९ हजार, म्हणजे महिना पंधरा हजारांच्या थोडे आत.

आता चार लाखांचे कर्ज यात घालून पाहा. पाच वर्षांची मुदत आणि अकरा टक्के व्याज धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,७०० रुपये. घरात येणार सहा हजार. एवढे पैसे त्याचा बाप आजही आणतो, कर्ज न काढता.

म्हणून आम्ही सामानाची यादी पुन्हा केली. गाळा काढून टाकला, कारण घोडा दुकानात येत नाही, आपण तबेल्यात जातो. केस वाळवण्याचे यंत्र काढले. त्याच्या आवाजाने घोडा बुजतो, आणि ऊन फुकट आहे. ऐरण, हातोडा, सांडशी घरचीच. राहिले काय? केस कापायचे चांगले मशीन, छोटा जनरेटर, पाण्याचा पंप, खरारे व ब्रश, नालांचा साठा आणि जुन्या मोटारसायकलला लोखंडी पेटी. ८५ हजारांत बसले. बांगड्यांचा विषय तिथेच संपला, आणि अम्मीला तो कळलाही नाही.

हे पैसे आणायचे कुठून? २०२३ साली केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा कारागिरींच्या यादीत नालबंद असा शब्द नाही, पण लोहार आहे, आणि ऐरणीवर नाल घडवणारा लोहारच असतो. त्यात पहिला टप्पा एक लाखाचा, कारागिराला पाच टक्के व्याज, शिवाय अवजारांसाठी १५ हजारांची मदत. मुद्रा योजनेत, जी २०१५ पासून आहे, ‘शिशु’ गटाची मर्यादा ५० हजारांची आहे. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नियम स्वतः विचारावेत. उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

व्याजाचा व्यवहार नको असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी भागीदारीचा रस्ता आहे. मुलाचे मामू पैसे लावायला तयार आहेत. पण आपल्याकडे मामू पैसे देतात, भाचा कष्ट करतो आणि दोन वर्षांनी दोघे एकमेकांच्या जनाज्यालाही जात नाहीत. का? लिहिलेले काही नसते. मुदारब्याचा कायदा सोपा आहे. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, महिन्याला ठरावीक रक्कम नव्हे. तोटा झाला तर भांडवल देणाऱ्याचे भांडवल जाते आणि काम करणाऱ्याची मेहनत जाते. निष्काळजीपणा केला तर गोष्ट वेगळी. पेट्रोल खर्चात धरायचे की भाच्याच्या वाट्यात, एवढ्या बारीक गोष्टीवर घरे फुटलेली मी पाहिली आहेत. सूरह बकराची २८२ वी आयत देण्याघेण्याचा करार लिहून ठेवायला सांगते, हे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो आणि बाजारात आल्यावर विसरतो. बँकेला आराखडा दाखवणे ही सक्ती असते. मामूला दाखवणे त्याहून जरुरीचे आहे.

आराखड्यात ‘जोखीम’ नावाचे एक पान असते. लोक तिथे दोन गुळगुळीत वाक्ये लिहून सोडतात. आपल्या जिल्ह्यात तरी तसे करू नये. नवापूरचे लोक सांगतील. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू आला आणि पाहता पाहता पोल्ट्रीचे शेड रिकामे झाले. २०२१ साली तो पुन्हा आला. माझे स्वतःचेही सांगतो. २०२० साली मी सारंगखेड्यासाठी झुलींचे कापड भरून ठेवले होते, मखमल, जर, अस्तर मिळून १ लाख ८० हजारांचे. कोरोनामुळे जत्राच भरली नाही. ते कापड विकायला मला तीन वर्षे लागली, आणि शेवटचे तागे मी उशांच्या खोळींना दिले. झुलींचा रंग असा की त्या खोळी कोणाच्याही घरात ओळखू येतात. जत्रा भरली नाही तर काय, हा प्रश्न माझ्या त्या वर्षीच्या हिशेबात नव्हता. मुलाच्या हिशेबात आहे. जत्रेचे ४५ हजार पुसून पाहिले तरी वर्षाला १ लाख ३४ हजार राहतात. घर चालते, ओढाताण होते, पण चालते.

तारखेचीही जोखीम असते. दत्तजयंती चांद्र तिथीने येते. २०२३ साली २६ डिसेंबर, २०२४ साली १४ डिसेंबर, २०२५ साली ४ डिसेंबर. तीन वर्षांत बावीस दिवसांचा फरक. मालाची ऑर्डर, हप्त्याची तारीख आणि भावाची सुट्टी या तिथीशी जुळवावी लागते. आपली बकरी ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. त्या हंगामात बोकडांचे खूर कापून, धुऊन-पुसून देण्याचे काम मिळते, तेही मुलाने लिहिले आहे, पण कमाईत धरलेले नाही.

रोगाचा मुद्दा सर्वांत मोठा. घोड्यांत ग्लँडर्स नावाचा रोग आहे. नाकातून घट्ट स्राव येतो, अंगावर गाठी येऊन फुटतात. तो माणसालाही होतो. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली त्याची खबर देणे बंधनकारक आहे, आणि रोग सिद्ध झाला तर जनावर मारावे लागते. एकच खरारा दहा घोड्यांवर फिरवणारा माणूस हा रोग किंवा साधा नायटा एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात घेऊन जाऊ शकतो. म्हणून खराऱ्याचे चार संच आणि प्रत्येक घोड्यानंतर जंतुनाशकात बुडवणे हा खर्च आराखड्यात पहिल्या ओळीत हवा. नाक वाहणाऱ्या घोड्याला हात लावायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचे. आणि सुई टोचायची नाही. मालक आग्रह करतात, “तू रोज येतोस, एवढे इंजेक्शन देऊन टाक.” ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आहे.

नालेचा खिळा जिवंत भागात गेला आणि ऐन लग्नसराईत घोडी लंगडी झाली तर? घोडीवाल्याची कमाई बुडते आणि तो तुमच्या दारात येतो. तेव्हाची बोली आधीच ठरवून ठेवावी. आम्ही लिहिले की नाल फुकट पुन्हा मारायची, डॉक्टरांचा खर्च आपला, बुडालेल्या वरातीचे पैसे देणार नाही. मालकाला हे पहिल्याच दिवशी सांगायचे. घोड्याची लाथ नालबंदाच्या नशिबात असतेच. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेच्या खात्यावर मिळतो, तो दोघा भावांनी काढला आहे.

दत्तजयंतीनंतर साधारण पंधरवड्याने नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा भरते. तिथेही घोडे येतात. मुलाला तिथे जायचे होते. मी म्हणालो, पहिल्या वर्षी नको. चाळीस घरची गिऱ्हाइके सोडून दोन जत्रांच्या मागे लागलास तर सात आठवड्यांचे चक्र तुटेल, आणि एकदा दुसऱ्याचा हात लागलेला घोडा परत येत नाही.

आराखडा आता पाच पानांचा आहे. मुलाने तो मराठीत हाताने लिहिला आहे. एक जागा मात्र रिकामी आहे. त्याचे वडील जुन्या गिऱ्हाइकांकडून आजही चार नालांचे ४०० रुपयेच घेतात. म्हणतात, “त्यांच्या बापाच्या घोड्याला माझ्या बापाने नाल मारली, त्यांना मी ७०० कसे सांगू?” मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. ४०० रुपयांत लोखंड आणि पेट्रोल जाऊन नालबंदीचे वर्षाला २० हजार उरतात, १ लाख ४ हजार नव्हे. त्यांनी ऐकून घेतले, पुन्हा ऐकून घेतले आणि चहा मागवला. वहीत अकरा नावांपुढे भावाचा रकाना अजून कोरा आहे. मुलगा म्हणतो अब्बांना विचारून भरीन, आणि अब्बा म्हणतात जत्रा होऊ दे.